दिवसभर ‘नॉर्मल होईल’ आणि रात्री दहा मिनिटांत सिझेरियन: असं का होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पत्नीचं पहिलं बाळंतपण. पहाटे कळा सुरू झाल्या. दिवसभर डॉक्टर येऊन तपासत होत्या आणि दर वेळी ‘छान चाललंय, नॉर्मल होईल’ असं सांगत होत्या. रात्री नऊच्या सुमाराला त्या आत आल्या, ठोक्यांच्या मशीनचा कागद पाहिला, बाळाचे ठोके उतरताहेत म्हणाल्या आणि दहा मिनिटांत सह्या घेऊन पत्नीला ऑपरेशनला नेलं. बाळ बाहेर आलं ते खणखणीत रडतच. काचेच्या पेटीत ठेवावं लागलं नाही, काही नाही. मग सिझेरियनची खरंच गरज होती, की आम्हाला घाबरवून सही घेतली?

मी बरीच वर्षं बाळंतपणं करते आहे. हा प्रश्न डॉक्टरला तोंडावर क्वचितच विचारला जातो. घरी गेल्यावर मात्र महिनोन्‌महिने चघळला जातो. तुम्ही तो सरळ विचारलात हे बरं केलंत, म्हणून सविस्तर लिहिते. तुमच्या पत्नीच्या बाबतीत निर्णय योग्य होता की नाही, हे मात्र मला इथून सांगता येणार नाही. त्यासाठी ठोक्यांची पट्टी (मशीनमधून निघणारा तो कागद), गर्भपिशवीचं तोंड किती वाजता किती उघडलं होतं याच्या नोंदी, बाळाभोवतीच्या पाण्याचा रंग, कळा वाढवायचं औषध चालू होतं का, हे सगळं बघावं लागेल. पण तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत आणि ते सुटे करता येतात. दिवसभर ठीक असलेलं रात्री एकाएकी कसं बिघडतं, हा एक. आणि बाळ ठणठणीत निघालं याचा अर्थ धोका नव्हताच का, हा दुसरा.

आधी ‘छान चाललंय’बद्दल. हे वाक्य आम्ही त्या घटकेबद्दल बोलतो आणि घरचे ते शेवटाबद्दल ऐकतात. दुपारी दोन वाजता मी ‘छान’ म्हणते तेव्हा माझ्या मनात एवढंच असतं: तोंड उघडतंय, डोकं खाली सरकतंय, ठोके व्यवस्थित आहेत, आईचं बीपी आणि ताप ठीक आहे, अजून थांबायला हरकत नाही. ‘नॉर्मल होईल’ हा त्याच्या पुढचा शब्द, आणि तो तोंडातून जाऊ नये असं माझं मत आहे. पहिलटकरणीच्या बाबतीत तर नाहीच. ‘आत्तापर्यंत सगळं ठीक आहे, पुढच्या तपासणीत पुन्हा बघू’ एवढंच खरं असतं. पण दमलेल्या, घाबरलेल्या बाईला धीर द्यायचा असतो, आणि धीर देताना माणूस एक शब्द जास्त बोलून जातो. तुमच्या डॉक्टरांचंही तसं झालं असणं शक्य आहे.

आता त्या लांबलचक तासांत डॉक्टर बघत काय असते ते सांगते, कारण बाहेरून ते ‘आल्या, हात लावून गेल्या’ असंच दिसतं. आतून तपासताना दोन बोटांना बरंच काही कळतं. तोंड किती सेंटिमीटर उघडलं ते तर कळतंच, पण त्याची कड पातळ झाली आहे की अजून जाड आहे, की एका बाजूला सुजून राहिली आहे, हेही लागतं. बाळाच्या कवटीच्या हाडांमधल्या फटी बोटांना लागतात. त्यांवरून बाळाचं तोंड आईच्या पाठीकडे आहे की पोटाकडे, ते ओळखायचं. पाठीकडे असेल तर डोकं हनुवटी छातीला टेकवून सहज उतरतं. पोटाकडे असेल तर वेळ लागतो, आईची कंबर फार दुखते, आणि पुष्कळदा बाळ स्वतःच वळतं, म्हणून तिथे थांबायचं असतं. डोकं अडत असेल तर कवटीची हाडं एकमेकांवर चढलेली लागतात, टाळूवर सूज येते. ही सूज फसवी असते. सूज खाली येते आणि डोकं उतरल्यासारखं वाटतं, पण हाड जिथल्या तिथेच असतं. म्हणून पोटावरून हात ठेवून डोकं अजून किती वर आहे तेही चाचपायचं. तीन तासांपूर्वी आणि आत्ता यांत काय फरक पडला, हा खरा प्रश्न असतो. एका तपासणीवरून फारसं काही ठरत नाही.

किती वेळ थांबायचं याबद्दलचं आमचं ज्ञानही बदललं आहे. १९५४–५५ मध्ये इमॅन्युएल फ्रीडमन या डॉक्टरांनी अमेरिकेत शेकडो पहिलटकरणींच्या कळांचा आलेख मांडला. त्या धर्तीवर ताशी एक सेंटिमीटर हा हिशोब जगभर रूढ झाला आणि पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टर त्याच मापाने बायकांना मोजत राहिले. पुढे लक्षात आलं की अगदी निरोगी बायकांमध्येही, विशेषतः सुरुवातीला, उघडण्याचा वेग यापेक्षा बराच कमी असतो आणि तरी बाळंतपण व्यवस्थित होतं. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलं की खऱ्या जोराच्या कळांचा टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरा, आणि केवळ ताशी एक सेंटिमीटर होत नाही म्हणून मध्ये पडू नका. त्यामुळे पहाटेपासून रात्रीपर्यंत थांबणं हा हलगर्जीपणा मुळीच नाही. उलट दुपारीच ‘होत नाही’ म्हणून तुमच्या पत्नीला ऑपरेशनला नेलं असतं, तर मला जास्त शंका आली असती.

बाळाच्या ठोक्यांचं गणित मात्र वेगळं आहे आणि इथेच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. कळ येते तेव्हा गर्भाशयाचा स्नायू आवळतो, त्यातून जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि वारेकडे (प्लॅसेंटाकडे) जाणारं रक्त काही सेकंद कमी होतं. बाळाला तेवढा वेळ शिलकीवर काढावा लागतो. पाण्यात बुडी मारून वर येऊन श्वास घ्यावा आणि पुन्हा बुडी मारावी, तसं हे तासन्‌तास चालतं. निरोगी बाळाला ते सहज झेपतं, कारण दोन कळांमध्ये भरपाई होते. पण कळा फार जवळजवळ यायला लागल्या, पाणी गेल्यामुळे नाळ दाबली जायला लागली, आईला ताप आला, किंवा वार मुळातच कमी ताकदीची असली, तर दर वेळी भरपाई थोडी अपुरी पडते. ही तूट साठत जाते. सकाळी दहाला ती दिसत नाही, दुपारी चारलाही दिसत नाही, आणि रात्री आठनंतर कागदावर उमटू लागते. बाळ एकाएकी बिघडलेलं नसतं. ते बराच वेळ निभावून नेत होतं आणि आता त्याला जड जाऊ लागलेलं असतं.

हे ऐकायचं कसं, तेही सांगते. ठोके साधारणपणे मिनिटाला ११० ते १६० असतात. मशीन नसेल तर कळ ओसरत असतानाच कान लावायचा आणि पुढे पूर्ण मिनिटभर ऐकायचं, कारण माहिती त्याच मिनिटात असते. कळेच्या शिखरावर ठोके थोडे उतरले आणि कळेबरोबरच वर आले, तर बहुधा डोकं दाबलं गेल्याची ती साधी प्रतिक्रिया असते. कळ संपून गेली तरी ठोके खाली, सावकाश वर येताहेत, पुढच्या कळेला पुन्हा तेच, आणि मधल्या वेळेत ठोक्यांची रेष सपाट होत चालली आहे, नेहमीचा खालीवर होणारा चढउतार दिसत नाही, तर मी खोलीतून हलत नाही. अशा वेळी पाण्याचा रंगही बघते. पाणी हिरवट होणं म्हणजे बाळाने पोटात शी केली आहे. पूर्ण दिवस भरलेल्या बाळांत ते तसं पुष्कळदा होतं आणि एकट्या त्यावरून घाबरायचं कारण नसतं. पण घट्ट हिरवं पाणी आणि बिघडलेली पट्टी ही जोडी मला आवडत नाही.

पट्टी बिघडली म्हणजे लगेच सुरी, असंही नसतं. आईला कुशीवर वळवायचं, कारण पाठीवर झोपल्यावर गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतो. कळांचं औषध चालू असेल तर बंद करायचं. बीपी उतरलं असेल तर सलाइन वाढवायचं. आतून तपासताना नाळ खाली घसरलेली नाही ना, ते पाहायचं. बाळाच्या टाळूवर बोटाने हलकेच चोळायचं. त्याने ठोके चढले तर बाळात अजून दम आहे, थोडं थांबता येतं. तोंड पूर्ण उघडलेलं आणि डोकं पुरेसं खाली असेल तर व्हॅक्यूम किंवा चिमटा लावून काढणं ऑपरेशनपेक्षा लवकर होतं. या साऱ्यातलं बरंचसं पाच-दहा मिनिटांत उरकतं, आणि बाहेर बसलेल्यांना त्यातलं काहीच दिसत नाही. दार उघडतं तेव्हा समोर थेट सहीचा कागद येतो.

खरोखर क्षणात कोसळणारे प्रसंगही असतात. पाणी जाताना नाळच डोक्याच्या पुढे घसरते, वार जन्माआधीच सुटते, आधीच्या सिझेरियनचा टाका आतून उसवतो. तिथे समजावत बसायला वेळच नसतो आणि नसावाही. तुमच्या वर्णनावरून तुमचा प्रसंग त्यांतला वाटत नाही, साठत आलेल्या तुटीचा वाटतो.

आता दुसरा प्रश्न, बाळाच्या रडण्याचा. बाळ रडलं म्हणजे ऑपरेशन फुकट गेलं, हा तर्क मला समजतो, पण तो उलटा आहे. बाळ न रडण्याच्या अवस्थेला पोहोचायच्या आत काढावं, हाच ऑपरेशनचा उद्देश असतो. निर्णय घेतल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंत वेळ लागतो: टेबल तयार करायचं, लघवीची नळी घालायची, पाठीत भूल द्यायची, ती चढू द्यायची. अति तातडीच्या वेळी हे सगळं ३० मिनिटांच्या आत व्हावं, असा दंडक मानला जातो. म्हणजे मला नऊ वाजताच्या बाळाचा विचार करून चालत नाही. साडेनऊला ते कसं असेल याचा अंदाज नऊला बांधावा लागतो. जिथे भूलतज्ज्ञ आवारातच असतो तिथे मी जास्त वेळ थांबू शकते. तो बाहेरून यायचा असेल तर तोच निर्णय मला आधी घ्यावा लागतो. एकच पट्टी, दोन ठिकाणी दोन वेगळे निर्णय, आणि दोन्ही योग्य असू शकतात.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ठोक्यांचं मशीन धोका दाखवण्यात उतावळं आहे. मशीनची पट्टी वाईट दिसते आणि बाळ चांगलं निघतं, असं वारंवार होतं. धोका कमी असलेल्या बायकांना सतत मशीन लावून ठेवणं आणि ठरावीक अंतराने कानाने ऐकणं यांची तुलना झाली आहे. सतत मशीन लावल्याने जन्मानंतर बाळाला झटके येण्याचं प्रमाण कमी होतं. पण बाळ दगावण्यात किंवा सेरेब्रल पाल्सीत (मेंदूला इजा होऊन येणाऱ्या हालचालींच्या अपंगत्वात) फरक पडत नाही, आणि सिझेरियन मात्र वाढतात. म्हणजे ‘ठोके उतरले’ म्हणून झालेल्या सिझेरियनमधली काही बाळं थांबूनही सुखरूप जन्मली असती. कोणती, ते आधी ओळखायचं खात्रीचं साधन आमच्याकडे नाही. तुमच्या बाळाचंही तसंच असू शकेल. त्यावरून तुम्हाला फसवलं असं ठरत नाही, आणि डॉक्टर शंभर टक्के बरोबर होत्या असंही ठरत नाही. जन्मल्यावर नाळेतल्या रक्ताची आम्लता तपासली असेल तर तो आकडा थोडा उजेड पाडतो, कारण जोरात रडणाऱ्या बाळाच्याही रक्तात कधीकधी ताणाची खूण सापडते.

विनाकारण सिझेरियन होतात का? होतात, आणि आमच्या पेशाने ते मान्य करायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये म्हटलं होतं की एखाद्या लोकसंख्येत सिझेरियनचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेल्यावर माता आणि नवजात बाळांचे मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. हा आकडा एका बाईला किंवा एका रुग्णालयाला लावायचा नसतो. गुंतागुंतीच्या केसेस जिथे पाठवल्या जातात तिथे प्रमाण जास्तच असणार. पण अनेक ठिकाणी ते इतकं वर आहे की त्याचं उत्तर केवळ गुंतागुंतीत सापडत नाही. माझे कान कधी टवकारतात ते सांगते: कळा धड बसल्याही नव्हत्या, तोंड तीन सेंटिमीटरवर होतं आणि ‘प्रगती नाही’ म्हणून ऑपरेशन, कळा आणायचं औषध सुरू करून पाच-सहा तासांतच ‘लागू पडलं नाही’ असा निष्कर्ष, केवळ सोनोग्राफीतल्या अंदाजी वजनावरून ‘बाळ मोठं आहे’, नाळेचा गळ्याभोवती एक वेढा एवढंच कारण. तसे वेढे कितीतरी बाळांना असतात आणि ती नॉर्मल जन्मतात. तुम्ही लिहिलेल्या हकिगतीत यातलं काही नाही.

तुम्ही ‘रात्री नऊ’ हे दोनदा लिहिलंय. डॉक्टरांना घरी जायची घाई होती का, हा प्रश्न त्यात आहे, आणि तो विचारण्यात गैर काही नाही. थकवा निर्णयावर परिणाम करतो. एकटीने काम करणारी डॉक्टर दिवसाची ओपीडी करून, मध्ये दुसरीचं बाळंतपण करून रात्री पट्टी वाचत असते, आणि दमलेल्या डोळ्यांना शंकेखोर पट्टी आणखी वाईट दिसू शकते. म्हणून पाळी बदलून काम करणं, शंका आली की दुसऱ्या डॉक्टरला पट्टी दाखवणं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. शक्य असेल तिथे मी निर्णयाआधी सिस्टरला विचारते, ‘तुम्हाला काय वाटतं?’ त्या तासन्‌तास बाईच्या उशाशी असतात. पुष्कळदा पट्टी बिघडण्याआधीच त्यांना काहीतरी खटकलेलं असतं. पण एक लक्षात घ्या. ज्या डॉक्टरला घरी जायचं असतं ती दुपारी चारलाच ऑपरेशन करते. पहाटेपासून रात्री नऊपर्यंत थांबलेल्या डॉक्टरने घाईपायी ऑपरेशनची टोपी चढवली, हे मला पटायला जड जातं.

बाळ रडलं की घरच्यांचं बाळंतपण संपतं. माझं तेव्हा निम्मंच झालेलं असतं. दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला साधारण ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहत असतं. वार सुटल्यावर तो स्नायू आवळला नाही तर काही मिनिटांत बाई धोक्यात येते. म्हणून बाळ झाल्या झाल्या आवळण्याचं औषध द्यायचं, पोटावर हात ठेवून बेंबीजवळचा गोळा घट्ट लागतोय ना ते पुन्हा पुन्हा बघायचं, आणि रक्त नजरेच्या अंदाजावर न सोडता मोजायचं, कारण नजर नेहमी कमीच सांगते. सिझेरियनमध्ये रक्त मुळातच जास्त जातं. बाहेर तुम्ही बाळाचे फोटो काढत असताना डॉक्टर बोलायला आल्या नाहीत, असा राग असेल, तर बहुधा त्या तेव्हा आत याच कामात होत्या.

तरीही नंतर त्यांनी येऊन बसायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं खुर्ची ओढून ‘काल काय झालं, मी काय पाहिलं, माझ्यापुढे कोणते पर्याय होते’ हे सांगणं हा उपचाराचाच भाग आहे. ते झालं नसेल तर तुमची तक्रार रास्त आहे. टाके दुखताहेत म्हणून तपासायला जाल तेव्हा वेगळी वेळ मागून घ्या आणि विचारा: ऑपरेशनच्या वेळी तोंड किती उघडलं होतं, डोकं किती खाली होतं? पट्टीत नेमकं काय दिसलं, किती वेळ दिसत होतं? कळांचं औषध चालू होतं का, ते कधी बंद केलं? ऑपरेशनच्या आधी काय काय करून पाहिलं? भांडायला आल्यासारखं विचारू नका, नोंदी समोर ठेवून बोला म्हणा. ज्या डॉक्टरने मनापासून काम केलेलं असतं तिला हे प्रश्न टोचत नाहीत.

आणखी एक. तुमच्या पत्राभर तुमचा संशय आहे, पण तुमच्या पत्नीचं म्हणणं कुठेच नाही. त्या टेबलावर जाग्या होत्या. दहा मिनिटांत त्यांच्या आजूबाजूला माणसांची धावपळ झाली, दिवसभर सोसलेल्या कळांवर पाणी पडल्यासारखं त्यांना वाटलं असेल, आणि ‘मला जमलं नाही’ असं मनात धरून बसल्या असतील. अशा बाईला घरात रोज ‘सिझेरियनची गरज नव्हतीच’ हे ऐकू येणं फार वाईट. डॉक्टरांना भेटायला त्यांना बरोबर न्या, आणि पहिला प्रश्न त्यांना विचारू द्या. त्यांना झोप लागत नसेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, सारखं रडू येत असेल, तर तेही तिथेच सांगा. त्यावर उपचार आहेत.

येताना ऑपरेशनची लेखी नोंद मागून घ्या आणि जपून ठेवा. पिशवीवर छेद आडवा खालच्या भागात घेतला की उभा, हे त्यात असतं, आणि पुढच्या वेळी नॉर्मलचा प्रयत्न करायचा की नाही हे मोठ्या प्रमाणात त्यावर ठरतं. खालचा आडवा छेद असेल, दुसरी काही अडचण नसेल, तर प्रयत्न करणाऱ्या चौघींपैकी साधारण तिघींचं बाळंतपण नॉर्मल होतं. टाका उसवण्याचा धोका साधारण दोनशेत एक. म्हणून असा प्रयत्न जिथे लगेच ऑपरेशन करता येतं अशाच ठिकाणी करायचा. दोन बाळंतपणांत १८ महिन्यांपेक्षा कमी अंतर असेल तर तो धोका वाढतो. पुढच्या खेपेला पहिल्याच तपासणीला हा कागद घेऊन जा, आणि ‘आधीचं सिझेरियन ठोके उतरल्यामुळे झालं होतं’ असं आवर्जून सांगा. ठोक्यांचं कारण दर वेळी पुन्हा येतंच असं नाही, त्यामुळे अशा बायकांना नॉर्मलची आशा धरायला बऱ्यापैकी जागा असते.